डावीकडे पडणारे मांडे

सासूबाई माझ्याकडे बघून वेडावून दाखवतात, हे मी नवऱ्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो जेवत होता. त्यानं घास गिळला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मंग तू बी दखाड."

नवरा धडगावला सरकारी कचेरीत कारकून आहे. सोमवारी सकाळी दहा माणसांच्या जीपमध्ये सोळावा होऊन घाट चढतो आणि शनिवारी संध्याकाळी तसाच उतरून ब्राह्मणपुरीला घरी येतो. मधल्या दीड दिवसात सासू-सुनेच्या भानगडीत पडायची त्याची तयारी नसते, आणि त्यात त्याचं फार चुकतं असंही नाही. पण या वेळी मी रडगाणं गात नव्हते, खरंच सांगत होते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. वेडावून दाखवण्याच्या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे. पण मुलं निदान माझी पाठ फिरेपर्यंत थांबतात. सासूबाई थेट तोंडावर. डाव्या बाजूचा ओठ एकदम कानाकडे ओढला जायचा, गाल आकसायचा, डोळा अर्धा मिटायचा आणि त्याच वेळी डावा हात कोपरातून उडायचा, जणू म्हणतायत, हो बाजूला. पापणी लवेपर्यंत सगळं पुन्हा जागच्या जागी. चेहरा सरळ, हात मांडीवर.

मी चहा पुढे केला की तोंड. शाळेत निघते म्हटलं की तोंड. कारणं शोधायला मला कष्ट पडले नाहीत, लग्नाला नऊ वर्षं झाली होती. चहात साखर जास्त पडली असेल. साडीची इस्त्री डोळ्यात आली असेल. माझं माहेर कोरीटचं, म्हणजे तिकडच्या बायका तिखट जास्त घालतात, हे तर कायमचंच होतं. प्रत्येक तोंडाला मी एक कारण चिकटवत गेले आणि आतल्या आत धुमसत राहिले.

एकदा मीही वेडावून दाखवलं. खोटं कशाला सांगू? सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, मी दारात उभी होते. मी जीभ बाहेर काढून, डोळे फिरवून, चौथीच्या वर्गाला शोभेल असं तोंड केलं. त्यांचं लक्षच गेलं नाही. तिथंच मला काहीतरी कळायला हवं होतं. माझ्या सासूबाईंच्या नजरेतून सुनेचं काही निसटलं, असं त्याआधी कधी झालेलं नव्हतं.

सासूबाई म्हणजे गावातल्या मांड्यांच्या मुख्य अधिकारी. मांडा आमच्याकडची पुरणपोळी, पण लाटण्याची नाही. कणीक तारेसारखी ताणली जाईल इतकी सैल भिजवायची, पुरण भरून गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवायचा, या हाताच्या कोपरापासून त्या हाताच्या कोपरापर्यंत. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर तो अलगद अंथरायचा. माझा मांडा खापरापर्यंत पोचतो तोवर त्याचा नकाशा झालेला असतो, कधी गुजरात, कधी श्रीलंका. सासूबाईंचा मांडा पौर्णिमेच्या चंद्रासारखा उतरायचा. तो उन्हाकडे धरला तर पलीकडचं झाड दिसायचं. गावात कुणाचा जावई पहिल्यांदा जेवायला यायचा असो की कुणाची विहीण यायची असो, आदल्या दिवशी आमच्या ओट्यावर बोलावणं हजर.

गावात दुसरं नाव होतं समोरच्या काकूचं. तिचं घर आमच्या घरासमोर, मध्ये बैलगाडी जाईल एवढी गल्ली. काकूचा मांडा चांगलाच असायचा. पण चांगला आणि चंद्र यात फरक असतो, आणि तो फरक सासूबाई कुणाला विसरू देत नसत.

मी नवी नवरी होते, लग्नाला चार महिने झाले होते, तेव्हाची गोष्ट. काकूच्या मुलीचा साखरपुडा होता. मी पंगतीत आमरस वाढत होते, म्हणून हे मी ऐकीव सांगत नाही. सासूबाईंनी पानातला काकूचा मांडा उचलला, दोन्ही हातांनी उन्हाकडे धरला, आणि होणाऱ्या विहिणीच्या देखत मोठ्यानं विचारलं, "हाऊ मांडा शे का गोधडी शे?"

सगळी पंगत हसली. विहीणही हसली. काकू तेवढी हसली नाही. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद, ते आठ वर्षं बंद.

बोलणं बंद म्हणजे संबंध बंद नव्हे. काकूला काही कळवायचं असलं की ती आपल्या म्हशीशी बोलायची, गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात. "बाई, काही लोके पानी वाया घालतस." यावर सासूबाई आमच्या तुळशीला उत्तर द्यायच्या. तुळस आणि म्हैस यांनी आठ वर्षांत जेवढी उणीदुणी ऐकली तेवढी कोर्टानंही ऐकली नसतील. आणि सासूबाई अंगणात चूल पेटवून मांडे करायला बसल्या की काकू हातातलं काम टाकून आपल्या ओट्यावर येऊन बसायची आणि टक लावून बघायची. मांडा फाटायची वाट बघायची. आठ वर्षांत तो फाटला नाही.

पावसाळा संपता संपता सासूबाई विसरायला लागल्या. आधी डब्यांची झाकणं, मग डबे, मग कोण गेलं आणि कोण जिवंत आहे ते. नणंदेचा फोन येऊन गेला की अर्ध्या तासानं विचारायच्या, पोरीचा फोन नाही आला कितीतरी दिवसांत. एकदा सगळं घर डोक्यावर घेतलं, खापर चोरीला गेलं म्हणून. खापर चुलीवरच होतं. ते दाखवलं तर म्हणाल्या, हे आपलं नाही, बदललंय. आणि हे म्हणताना माझ्याकडे बघून तोंड, आणि हात.

आमच्या गावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, रक्तातलं मीठ कमी झालंय. सासऱ्यांना हे फार आवडलं. आजार मिठाचा आणि औषधही मीठच. त्यांनी स्वतः लिंबू-मिठाचं सरबत करायला घेतलं. ते इतकं खारट व्हायचं की सासूबाई ते तुळशीला घालायच्या. तुळस वाळली, मीठ काही चढलं नाही.

मग आली मार्गशीर्षातली पंगत. नात्यातल्या एका घरी मुलाचं लग्न ठरलं होतं आणि विहीण जेवायला येणार होती. मी म्हटलं, आईंना नका नेऊ. नवरा म्हणाला, त्यांचं मन रमेल. नेलं. विहीण मोठी तालेवार, साडीच्या काठावरूनच कळत होतं. ती मांडे बघायला हौसेनं चुलीजवळ, सासूबाईंच्या डाव्या हाताला येऊन बसली.

सासूबाईंनी तिच्याकडे बघून तोंड केलं. विहीण चपापली. तिला वाटलं, धूर गेला असेल डोळ्यात. सासूबाईंनी पुन्हा केलं. विहिणीनं आपल्या बहिणीकडे पाहिलं. तिसऱ्या वेळी सासूबाईंच्या हातात पूर्ण वाढलेला मांडा होता. गाल ओढला गेला, हात उडाला आणि मांडा उडून विहिणीच्या मांडीवर अंथरला गेला. छान बसला. खापरावर बसतो तसाच बसला.

पुढचं सांगत नाही. लग्न मोडलं नाही एवढंच सांगते, पण ते टिकवायला चार शहाण्या माणसांना दोनदा जाऊन पाया पडावं लागलं. सासूबाईंना काय झालं हेच कळेना. "मी काय करं?" असं त्या घरी येईपर्यंत विचारत होत्या. आणि त्या संध्याकाळपासून गावानं ठरवून टाकलं की हिच्या डोक्यात फरक पडलाय. आमच्या ओट्यावर येणारं बोलावणं थांबलं. सासूबाई येताना दिसल्या की काही घरांतल्या आया लहान मुलं आत घ्यायला लागल्या. मला त्याचा फार राग आला. पण त्यांना काय बोलणार? डोक्यात फरक आहे असं मलाही वाटतच होतं.

मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. मोठ्या गावात दवाखाना, बाहेर गर्दी. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी दहा मिनिटं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात कुणाशी पटत नाही का त्यांचं?"

खोलीत सासरे होते, नवरा होता, खास त्यासाठी आलेली नणंद होती. तिघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. एवढी एकी मी त्या घरात आधी बघितली नव्हती. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाले, "ताई, या वयात माणूस हळवं होतं. जरा समजून घ्या."

मी समजून घेतलं. गोळ्या वेळेवर दिल्या. गोळ्यांनी सासूबाई दुपारच्या बाराला झोपायच्या आणि चारला उठून कुठं आहे म्हणून विचारायच्या. तोंड मात्र थांबलं नाही. उलट वाढलं. नणंद महिनाभर रोज फोनवर विचारायची, "वहिनी, आईला काही बोललीस का?" आणि मी रोज सांगायचे, नाही. एक दिवस मात्र बोलले. शाळेची तपासणी होती, उशीर होत होता, सासूबाईंच्या हातातून चहा उडून माझ्या साडीवर आला आणि वर तोंडही वाकडं झालं. मी ओरडले, "मुद्दाम करताय ना तुम्ही? नऊ वर्षं झाली, अजून मन भरलं नाही?" त्यांनी मान खाली घातली. माझी सासू, जिच्या आवाजानं तुळस शहारायची, ती मान खाली घालून म्हणाली, "मले माहीत नही वं बेटा. हात मन्हं ऐकतच नही."

त्या दिवशी शाळेत मी काय शिकवलं, मला आठवत नाही. मला माझी भांडखोर सासू परत हवी होती. कोरीटच्या तिखटावरून बोलणारी, इस्त्रीवरून टोमणे मारणारी. ही मान खाली घालणारी बाई मला नको होती.

पुढच्या रविवारी सासूबाईंनी हट्ट धरला की मांडे करायचे. कुणी येणार नव्हतं, पण त्यांनी चाळीस माणसांची कणीक भिजवली. चूल अंगणात. मी शेजारी बसून उडालेले मांडे गोळा करत होते. आणि गल्लीच्या पलीकडून काकूचा आवाज आला. म्हशीला उद्देशून.

"काय वं बाई, तुले तरी दिखस का? आधी डावा गाल वढास, मंग डावा हात उडस. मांडा दरवेळी डावीकडेच पडस. एक बी उजवीकडे पडेल नही. लोकेस्ना डोया फुटेल शेतस."

मी हातातला मांडा धरून तशीच बसले.

"रागे भरेल बाई मानूसकडे देखीसन तोंड करस," काकू म्हशीला समजावत होती. "हाई तं भीतकडे तोंड करीसन बठेल व्हती तवय बी करे. खापरकडे देखीसन बी करे. खापरनं काय घोडं मारं व्हतं तिन्हं?"

म्हशीनं शेपटी हलवली. मी उठले आणि गल्ली ओलांडली. आठ वर्षांत आमच्या घरातल्या कुणीच ती ओलांडली नव्हती. सासरे ओट्यावरून "अरे, अरे" म्हणेपर्यंत मी काकूच्या ओट्यावर होते.

"काकू, परत सांगा."

काकू आधी गडबडली. मग तिनं जे सांगितलं, ते ऐकून मला माझ्या डी.एड.ची लाज वाटली. ती सात महिने बघत होती. हा प्रकार पहिल्यांदा कधी दिसला, तेही तिला माहीत होतं: आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेल्यावर, जेठ लागताना. तेव्हा दिवसातून एखादवेळी. आता ती वाटाण्याच्या शेंगा सोलायला बसली की टोपलीभर शेंगा होईस्तोवर वीस वेळा. सासूबाई एकट्या असल्या तरी. झोपेतून उठल्या उठल्या तरी. "तिन्हं मन बिघडेल नही," काकू म्हणाली. "मन बिघडेल मानूस एकच बाजूनं बिघडस का? हातनी कायतरी वायर सुटेल शे. तुमी आपले मनना डॉक्टर करतस."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"कोनले बोलू?" काकू रागावली. "आमनं बोलनं बंद शे."

शत्रू ठेवावा तर असा. घरातले आम्ही चौघं सासूबाईंच्या चेहऱ्यावर आमच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचत होतो. काकू फक्त हात बघत होती, कारण तिला त्या हाताची चूक हवी होती. चूक सापडली आणि ती घाबरली.

मी मोबाईलवर सासूबाईंचा व्हिडिओ काढायला लागले. मांडे करताना, देवापुढे बसलेल्या असताना, भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या असताना. मध्येच त्यांच्या लक्षात यायचं. "मन्हा फोटो काब्र काढी ऱ्हायनी?" मी म्हणायचे, छान दिसताय. त्यावर त्या पदर सारखा करायच्या आणि तेवढ्यात गाल ओढला जायचा. तो तुकडा मी किती वेळा पाहिला असेन. लाजतायत आणि चेहरा त्यांचं ऐकत नाही.

गावच्या डॉक्टरांनी व्हिडिओ पाहिला आणि म्हणाले, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, सुरतेला न्या. आमच्याकडे मोठं काही झालं की सुरत. नवऱ्यानं रजा काढली. निघायच्या सकाळी काकू पिशवी घेऊन स्टँडवर हजर. "मले बी सुरतले साड्या लेवाले जानं शे," असं तिनं स्टँडवरच्या केळीवाल्याला सांगितलं. नंदुरबारहून गाडीत ती आमच्याच डब्यात, पण पाठ करून बसली. सासूबाईंना मधूनच भूक लागायची आणि कुठून तरी दशम्यांचा डबा पुढं यायचा. डबा कुणाचा, हे विचारायचं नाही, हे आम्हाला न सांगता समजलं.

सुरतेचे डॉक्टर तरुण होते. हिंदी, गुजराती, मराठी एकाच वाक्यात बोलायचे. त्यांनी एक व्हिडिओ पाहिला, दुसरा पाहिला, मग खुर्ची पुढे ओढली आणि पहिला परत पाहिला. म्हणाले, हे झटके आहेत. फिट. एवढ्या छोट्या की लोकांना फिट वाटतच नाहीत. रक्तातल्या मिठाचे कागद पाहून तर त्यांनी टेबलावर बोटच आपटलं, म्हणाले, हेही त्याच दुखण्याचं. मग विचारलं, "हे एका बाजूचं आहे आणि एकटं असतानाही होतं, हे कुणाच्या लक्षात आलं?"

मी दारात उभ्या असलेल्या काकूकडे बोट दाखवलं.

"तुम्ही पेशंटच्या कोण?"

काकू ताठ उभी राहिली. दवाखान्यासाठी राखून ठेवलेल्या शुद्ध मराठीत म्हणाली, "मी त्यांच्याशी बोलत नाही."

डॉक्टरांनी जरा काळजीनं तिच्याकडेही निरखून पाहिलं.

डोक्याचे फोटो झाले, डोक्याला वायरी लावून आलेख निघाले, पाठीतून पाणी काढलं, रक्त लांबच्या लॅबला गेलं. आजाराचं नाव ऑटोइम्यून एन्सेफलायटिस. दुर्मीळ आहे, ओळखला तर बरा होतो, असं डॉक्टर म्हणाले. शरीरात रोगाशी लढणारं जे काही असतं, ते चुकून स्वतःच्याच मेंदूवर उलटतं. सासऱ्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "म्हनजे आपलाच कुत्रा आपलेच चावस, आसंच ना?"

"बिलकुल," डॉक्टर म्हणाले. "कुत्र्याला शांत करायचं औषध देऊ."

मी त्यांना विचारलं, आम्ही मनाचा आजार समजून बसलो, त्यात किती नुकसान झालं? ते म्हणाले, हा आजार त्याच कपड्यांत येतो, भले भले फसतात. त्या मनाच्या डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांनी सासूबाईंना दहा मिनिटं पाहिलं होतं. मी नऊ वर्षं पाहत होते, आणि मला त्यांच्या फिटमध्ये माझा चहा दिसला. याची लाज मला आजही वाटते आणि वाटत राहावी असंही वाटतं.

सलाइनमधून औषध सुरू झालं. चौथ्या दिवशी मी त्यांना चहा दिला आणि सवयीनं साडी सावरून मागे सरकले. काही झालं नाही. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला, घोट घेतला आणि म्हणाल्या, "साखर जास्त शे." मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले. काकू तिथं बाकावर बसलेली होती. तिनं साड्या घेतल्या नव्हत्या. मला रडताना बघून तिचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, "साखर जास्त आहे म्हणाल्या." मग तीही रडली.

डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं: झटके थांबतील, वागणं सुधारेल, पण स्मरणशक्तीचं सांगता येत नाही. काही परत येईल, काही येणार नाही. पूर्वीच्या त्या पूर्ण परत येतील का, ते घरीच कळेल. आम्ही वाट बघायला लागलो. औषधानं भूक इतकी वाढली की सासऱ्यांच्या ताटातली भाकरीही जाऊ लागली. हळूहळू फोन झालेला आठवायला लागला. आजारातले महिने मात्र पुसले गेले ते गेलेच. विहिणीच्या मांडीवरचा मांडा त्यांना सांगितला तर म्हणाल्या, काहीही बोलता. सारं मिळून त्या बऱ्या होत्या. पण फार गोड वागायच्या. माझ्या स्वयंपाकाला काही म्हणेनात. नणंद म्हणाली, नशीब समज. मला ते नशीब वाटत नव्हतं. कुणीतरी भलतीच सासू आणून दिल्यासारखं वाटायचं.

आखाजी आली. नणंद माहेरी आली, आंब्याच्या पाट्या आल्या. सासूबाई चुलीपुढे बसल्या. गल्लीच्या पलीकडे काकू आपल्या ओट्यावर येऊन बसली, शेंगा नाहीत, काही नाही, नुसतीच. पहिला गोळा हातांवर आला. वाढत वाढत कोपरापर्यंत गेला. मांडा खापरावर उतरला. वाटोळा. मधोमध.

सासूबाईंनी मान वर केली आणि गल्लीच्या पलीकडे पाहिलं. "ओ बाई, तठे काय बठनी? आठे ये ना. मांडा वातड व्हई ऱ्हायना."

सासऱ्यांच्या हातातून आंबा पडला. काकू उभी राहिली, बसली, परत उभी राहिली. मग गल्ली ओलांडून आली आणि चुलीजवळ टेकली. आम्हाला तेव्हा समजलं की आठ वर्षांचा अबोलाही आजाराबरोबर वाहून गेलाय. सासूबाईंनाही कुणीतरी काही सांगितलं असावं, कारण दोन मांडे झाल्यावर त्यांनी विचारलं, "पोरी म्हनतस, आपलं बोलनं बंद व्हतं. काब्र वं?"

ती पंगत डोळ्यांनी पाहिलेल्या त्या अंगणात आता दोघीच होतो, काकू आणि मी. काकूनं माझ्याकडे पाहिलं. मी आमरसाच्या पातेल्यात पळी फिरवायला लागले.

"मन्हीच चूक व्हती," काकू म्हणाली. "तुन्हा मांडाले मी नाव ठेवेल व्हतं."

"मन्हा मांडाले?" सासूबाईंना ते खरं वाटेना. मग त्या मोठ्या मनानं म्हणाल्या, "जाऊ दे. मी मनमा धरत नही काही."

काकूनं तो घोट गिळला. कसा गिळला, तिचं तिला माहीत. मग पदर खोचून म्हणाली, सरक, दोन मी करते. तिनं गोळा घेतला, हातांवर वाढवला, खापरावर टाकला. चांगला झाला. खरंच चांगला झाला होता. सासूबाईंनी तो उलथन्यानं उतरवला, फुंकर मारली आणि ताटात ठेवायच्या ऐवजी दोन्ही हातांनी उचलून उन्हाकडे धरला. एक डोळा बारीक केला. उजवा.

"हाऊ मांडा शे का गोधडी शे?"

नणंदेनं तोंडावर हात ठेवला. काकू सासूबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले, आणि ती हसायला लागली, इतकी की तिला चुलीपासून मागे ओढावं लागलं. डोळे पुसत पुसत ती माझ्याकडे वळली.

"डॉक्टरले फोन लाव," ती म्हणाली. "त्यास्ले सांग, पेशंट बरी व्हयनी."